भिंतीत सुधारणा नाही

रोहिणी बुगड यांच्या पत्राला मी चौदा महिने उत्तर दिलं नाही. पत्र वहीच्या एका पानाचं होतं आणि ते मला पाठ झालं होतं. तरीही मी ते ऑफिसच्या खणातून काढायचो, वाचायचो आणि परत ठेवायचो.

"पाटगावकर सरांना नमस्कार. आमच्या मालकांच्या डोक्याच्या रिपोर्टखाली तुमचं नाव छापलंय म्हणून तुम्हाला लिहिते. 'भिंतीत सुधारणा नाही' असं त्यात आहे. ती सुधारणा कधी होणार? आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. परवा त्यांनी माझा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. मी ओरडले नाही. ओरडलं की त्यांचं डोकं चढतं आणि मग आतली शीर फुटेल. मुलगी आता शाळेतही कुजबुजते. बाई म्हणतात, हिला आवाजच नाही. मला एवढंच विचारायचंय. मी बोलले तर ते मरतील का? उत्तर घरी पाठवू नका. फोन ते बघतात. शाळेच्या पत्त्यावर पाठवा, मी तिथं खिचडी शिजवते."

खाली इचलकरंजीच्या एका शाळेचा पत्ता होता.

मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं सांगलीच्या एका शाळेत मराठी शिकवलं. माझा आवाज इतका खाली की मागच्या बाकांवर काय शिकवलं जातंय याचा पत्ताच लागत नसे. निवृत्त झाल्यावर मिरजेतल्या एका मेंदूतपासणी केंद्रात नोकरी मिळाली. काम माझ्या स्वभावाला धरून होतं. यंत्र इंग्रजी रिपोर्टचा मराठी मजकूर तयार करायचं, मी तो एका कोपऱ्यात बसून तपासायचो. कुणाशी बोलावं लागत नसे.

केंद्राचं नाव झालं ते नव्या एमआरआय यंत्रामुळे. मेंदूतल्या एखाद्या रक्तवाहिनीची भिंत कुठे कुठे कमजोर होते आणि तिथे फुगा येतो, सायकलच्या जुन्या ट्यूबवर येतो तसा. पुष्कळ लोक असा फुगा डोक्यात घेऊन ऐंशी वर्षं जगतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. एखाद्याचा मात्र चाळिशीत फुटतो आणि तो उभ्याचा आडवा होतो. पूर्वी डॉक्टर फुग्याचा आकार मोजायचे, तो कुठे आहे ते बघायचे आणि अंदाज बांधायचे. पण सारख्याच मापाच्या दोन फुग्यांतला एक फुटतो आणि दुसरा नाही, याचं कारण मापात सापडत नव्हतं. ते भिंतीत होतं, आणि ती भिंत कागदाहून पातळ.

नवं यंत्र वाहतं रक्त काळं दाखवतं. रक्त काळं झालं की भोवतालची भिंत तेवढी दिसू लागते. मग शिरेतून एक औषध देतात आणि पुन्हा चित्र घेतात. भिंत आतून सुजलेली, झिजत चाललेली असेल तर ती ते औषध शोषते आणि चित्रात पांढरी उजळते. भिंत शांत असेल तर औषध तिला शिवत नाही, ती काळीच राहते. उजळली तर धोका जास्त, नाही उजळली तर बराच कमी. याला इंग्रजीत एन्हान्समेंट म्हणतात.

या शब्दावरून आमच्या डॉक्टर तहसीन मुजावर आणि मी दोन तास भांडलो होतो. म्हणजे त्या बोलत होत्या आणि मी मान हलवत होतो.

"सर, एन्हान्समेंटच ठेवा की. रिक्षावालासुद्धा एमआरआयला एमआरआयच म्हणतो."

"मराठीत शब्द नाही असं म्हणू नका, मॅडम," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या ठामपणे मी क्वचितच काही म्हणालो असेन. फोटोच्या एका जुन्या परिभाषा-यादीत मला शब्द सापडला होता: चित्राची सुधारणा. मी तो भाषांतर करणाऱ्या यंत्राच्या शब्दकोशात घातला. मुजावर मॅडम शब्द नीट न ऐकताच कंटाळून हो म्हणाल्या. वर मी भीत भीत एक मागणीही केली, की रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरात माझं नाव असावं. मराठी मजकूर तपासणी, अच्युत दिगंबर पाटगावकर. अच्युत म्हणजे कधी न ढळणारा, न चुकणारा.

त्याच सुमाराला कायदा झाला. एका कारखान्यात साहेबानं कारकुनाला सगळ्यांदेखत शिव्या घातल्या, कारकून टेबलावर कोसळला आणि तिथेच गेला. आठवड्यापूर्वीच्या तपासणीत त्याची भिंत उजळलेली होती आणि साहेबाला ते ठाऊक होतं. रक्तदाब एकदम चढला की कमजोर भिंत फुटू शकते, हे खरंच आहे. मग ठरलं की अशा रुग्णाला लाल कार्ड द्यायचं आणि जो माहीत असूनही त्याला भडकावेल त्याच्यावर खटला भरायचा. कायदा दयेपोटी झाला होता. पण वर्षभरात लाल कार्ड गळ्यात घालून माणसं रांगा मोडू लागली. एसटीत कार्डवाल्यानं कंडक्टरचे दात पाडले आणि साठ प्रवासी खिडकीबाहेर बघत राहिले. कार्डवाल्याला पकडताना पोलीस आधी त्याला पाणी विचारत.

कार्ड तालुक्याच्या कार्यालयातून मिळे, आणि तिथले कारकून मराठी रिपोर्ट वाचत.

पत्र आलं त्या दुपारी मी त्यांच्या नवऱ्याचा, महांतेश बुगडचा, मूळ रिपोर्ट उघडला. इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की फुगा लहान आहे आणि भिंतीत एन्हान्समेंट नाही. म्हणजे भिंत शांत. बातमी चांगली होती. तिचं माझ्या कोशानं 'भिंतीत सुधारणा नाही' केलं होतं. कारकुनानं ते वाचून लाल कार्ड दिलं आणि एका घरानं ते वाचून बोलणं बंद केलं.

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. कोश उघडला, 'सुधारणा' खोडून 'उजळणे' घातलं आणि कोश बंद केला. कुणाला काही सांगितलं नाही. आधी छापून गेलेले तीनशे बारा रिपोर्ट तसेच राहिले.

रोहिणी बुगड यांना उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात फार विज्ञान झालं, दुसऱ्यात फार क्षमा. तिसऱ्यात मी लिहिलं की भिंत शांत आहे, तुम्ही बोलू शकता, आणि माझा हात थांबला. शांत भिंत फुटत नाही असं नाही, क्वचितच फुटते. ती बाई माझ्या भरवशावर बोलली आणि त्याच दिवशी ते क्वचित झालं तर? मी कोण सांगणारा? असे सात मसुदे झाले. सातव्यात मी फक्त स्वल्पविराम दुरुस्त केले आणि तो खणात ठेवला.

चौदा महिन्यांनी, मार्चमधल्या एका सकाळी, तपासणीच्या यादीत नाव आलं: रोहिणी महांतेश बुगड, वय चौतीस, डोक्याला मार.

मी कोपऱ्यातून उठून बाहेरच्या हॉलच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो. भिंतीवर पाटी होती, 'लाल कार्डधारकांशी हळू बोला'. बाकावर एक बाई डोक्याला ओढणी घट्ट बांधून बसली होती. डाव्या कानाजवळ ओढणी वाळलेल्या रक्तानं कडक झाली होती. शेजारी तिची सासू होती, शांतक्का नावाची, हातात पाण्याची बाटली घेतलेली. समोर महांतेश येरझारा घालत होता. रुंद बांध्याचा माणूस, छातीवर लाल कार्ड.

मुजावर मॅडम कागद भरत होत्या. "कसं लागलं?"

"मागावरचा धोटा उडून बसला," शांतक्का म्हणाली.

"मावशी, तुमच्याकडं आता बिनधोट्याचे माग आहेत ना? कार्डावर कारखाना लिहिलाय तुमचा."

शांतक्का बाटलीचं झाकण फिरवू लागली. तेव्हा महांतेश हसून म्हणाला, "जुना धोटा भिंतीला लावलाय, मॅडम. आज्जाची आठवण. पडला खिळ्यावरनं." मी लहानपणी धोटा पाहिलेला आहे. वीतभर लांब जड लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी चोच. तो खिळ्यावरून पडला तर पायावर पडतो, कानामागे बसत नाही.

बाईंना आत न्यायची वेळ झाली. आमचा सहायक सादिक पुढे आला. "दादा, त्यांच्या गळ्यातलं, कानातलं काढून द्या. आणि तुम्ही इथंच बसा, आत धातू चालत नाही."

"मला बस म्हणतोस?"

"सगळ्यांनाच म्हणतो, दादा."

महांतेशनं सलाईनचा स्टँड उचलला. पहिला फटका सादिकच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. सादिक गुडघ्यावर आला तेव्हा महांतेशनं त्याचे केस धरले आणि त्याचं कपाळ बाकाच्या कडेवर आपटलं, सावकाश, मोजून तीनदा. फरशीवर रक्ताचा एक लांब थेंब उमटला, मग पुष्कळ. हॉलमध्ये वीस माणसं होती. कुणीही ओरडलं नाही. रखवालदार टोपी काढून हात जोडून म्हणत होता, "शांत व्हा साहेब, शांत व्हा." सादिक स्वतः तोंडावर हात दाबून होता. दात पडलेला माणूसही आवाज होऊ नये म्हणून जपत होता.

शांतक्का मुलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "पाणी पी बाळा. डोकं चढवून घेऊ नकोस."

मी पुढे गेलो. शौर्य म्हणून नाही. पाय आपोआप पुढे पडला. "अहो," मी म्हणालो. बहुतेक कुणाला ऐकूच गेलं नसेल, पण महांतेश वळला आणि उलट्या हातानं त्यानं मला अशी लगावली की चष्मा समोरच्या बाकाखाली गेला. मी भिंतीला टेकून खाली बसलो. चष्म्याशिवाय सगळं धूसर होतं, तरी मला त्याच्या कपाळावरची शीर दिसत होती, करंगळीएवढी फुगलेली, धडधडणारी. मनात आलं, हा माणूस रोज इतका रागावतो. रोज त्याची भिंत हे सोसते आणि शांत राहते. राग करायला मनाई होती ती बाकीच्यांना.

मग तो दमला, बाकावर बसला आणि खरंच पाणी प्यायला.

चष्मा मला रोहिणी बुगड यांनी आणून दिला. वाकताना त्यांनी बाक धरला होता. माझ्या छातीवरच्या पाटीकडे त्यांनी पाहिलं आणि सवयीनं कुजबुजल्या.

"पाटगावकर सर तुम्हीच काय?"

"हो."

"मी पत्र टाकलेलं एक. लई दिवस झाले. मिळालं का?"

मी त्यांच्या ओढणीकडे पाहिलं, पलीकडे पाय पसरून बसलेल्या महांतेशकडे पाहिलं.

"कुठलं पत्र?" मी म्हणालो.

"काय म्हणालात? ह्या बाजूनं बोला, तिकडून ऐकू येईना झालंय."

मी उजव्या बाजूला सरकलो आणि तेच पुन्हा म्हणालो. एकच खोटं मला दोनदा बोलावं लागलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पोस्टाचं काय खरं नाही."

मग त्यांना आत नेलं. तपासणी झाल्यावर अर्ध्या तासानं त्यांचा रिपोर्ट माझ्या पडद्यावर आला. 'डाव्या कानामागच्या हाडाला तडा. तडा आतल्या कानापर्यंत गेलेला.' मजकूर तपासणं माझं काम होतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

मी खणातलं पत्र आणि सातही मसुदे घेऊन मुजावर मॅडमच्या खोलीत गेलो. त्या सादिकच्या ओठाला टाके घालून नुकत्याच आल्या होत्या, बाहीवर रक्त होतं. त्यांनी आधी पत्र वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सुधारणा," त्या म्हणाल्या. "एन्हान्समेंटला सुधारणा छापत होतो आपण?"

"हो."

"किती?"

"तीनशे बारा."

"आणि ज्यांची भिंत उजळलेली होती, त्यांच्या कागदावर काय गेलं? सुधारणा आहे?"

मी मान डोलावली.

त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. "उजळ भिंतवाल्यांना मी त्याच दिवशी फोन करते. पेठवडगावचे एक गृहस्थ आले होते. ऑपरेशन लवकर करू म्हटलं, तर कागद पुढं करून म्हणाले, 'मॅडम, सुधारणा आहे की.' मला वाटलं, भीतीनं थट्टा करतायत. आठवड्यानं गेले ते. अंघोळ करताना."

बसा म्हणाल्या नाहीत तरी मी बसलो.

"आणि हा बुगड," त्या म्हणाल्या, "याला मी समोर बसवून सांगितलं होतं. तुमची भिंत शांत आहे, घाबरू नका, दोन वर्षांनी या. हसला. म्हणाला, 'कागदावर काय आहे ते राहू दे, मॅडम, बदलू नका.' मला वाटलं, साधा माणूस आहे."

म्हणजे त्याला माहीत होतं. त्या घरात फुटण्याची भीती ज्याला नव्हती असा तो एकटाच होता.

"मग त्या बाईंना आत्ताच सांगा ना," मी म्हणालो. "बाहेरच बसल्यात."

"कशी सांगू? नवऱ्याचा रिपोर्ट आहे. त्याच्या परवानगीशिवाय बायकोला एक अक्षर सांगितलं तर माझी पदवी जाईल. सादिकची तक्रार देते, तिच्या जखमेचीही देते. तालुक्याला चूक कळवते. कार्ड रद्द व्हायला सहा महिने लागतील. तोवर तो कार्डवालाच. आणि दुरुस्तीचं पत्र जाईल ते त्याच्याच नावानं, त्याच्याच घरी."

सहा महिने. कान दोन असतात, मी विचार केला, आणि धोटा भिंतीवर परत लावलेला असेल.

"मॅडम," मी म्हणालो, "त्या बाईंनी मला रिपोर्ट विचारलेला नाही. रिपोर्ट त्यांच्या हातात आहे. त्यांनी एका शब्दाचा अर्थ विचारलाय. शब्दाचा अर्थ सांगायला कुठला कायदा आडवा येतो?"

त्यांनी माझ्याकडे नवीनच माणूस पाहावा तसं पाहिलं. "नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. तीनशे बारा दुरुस्त्या निघतील त्यांच्याखाली मात्र माझं नाव ठेवा. बारीक अक्षरात नको."

सात मसुदे मी त्यांच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकले, एक कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच, त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, एका दमात लिहिलं.

"रोहिणीताईंना नमस्कार.

तुमचं पत्र मला चौदा महिन्यांपूर्वी मिळालं होतं. आज मी तुमच्याशी खोटं बोललो, दोनदा. 'सुधारणा' हा शब्द चुकीचा आहे. तो मी घातला. मूळ शब्दाचा अर्थ उजळणं असा आहे. आतून सुजलेली, धोक्याची भींत चित्रात उजळते. जी उजळत नाही ती शांत. कागदावर 'भिंत उजळली नाही' असं हवं होतं, आणि ही चांगली खूण असते.

मी बोलले तर ते मरतील का, असं तुम्ही विचारलं होतं. मी डॉक्टर नाही. कुणाच्याही डोक्याची पक्की हमी कुणाला देता येत नाही, तुमच्या नाही, माझ्याही नाही. पण तुम्ही गप्प राहावं असं त्या कागदात काहीही लिहिलेलं नाही. कधीच नव्हतं.

तुमचा कान गेला त्यात माझ्या गप्प बसण्याचा वाटा आहे. त्याची भरपाई मला करता येणार नाही. हे पत्र पोलिसांना दाखवा, वकिलाला दाखवा, शाळेतल्या बाईंना दाखवा. साक्षीला बोलावलं तर मी येईन आणि ऐकू जाईल असं बोलेन.

मुलीला मोठ्यानं बोलू द्या.

अच्युत पाटगावकर"

मी बाहेर आलो तेव्हा हॉल रिकामा होता. रखवालदार फरशी पुसत होता. बुगड मंडळी निघून गेली होती.

पोस्टाच्या कोपऱ्यावरची पेटी आमच्या भागातली शेवटची उरलेली. पाकिटावर शाळेचा पत्ता घातला, तिकीट लावलं, आणि पेटीच्या तोंडाशी हात नेला तेव्हा आठवलं, मी 'भींत' लिहिलंय. दीर्घ. याच एका शब्दासाठी मी पोरांना दहा दहा वेळा लिहायला लावत असे. भ ला पहिली, भ ला पहिली. हात मागे आला. घर जवळ होतं. नवा कागद, दहा मिनिटांचं काम. उद्या सकाळी टाकलं तरी चाललं असतं.

पोस्टमन सायकलवरून उतरला, त्यानं पेटीचं कुलूप उघडून आतली पाच-सहा पाकिटं पिशवीत ओतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय आजोबा, टाकायचंय की नुसतं धरून उभं राहायचंय?"

"टाकायचंय," मी म्हणालो. इतक्या मोठ्यानं, की पलीकडे उसाच्या गाड्यावरची माणसं वळून बघू लागली.

त्यानं पिशवीचं तोंड पुढे केलं, आणि मी पाकीट आत सोडलं.